एकतीस नंबरची हजेरी

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या हॉलच्या किल्ल्या गेली अकरा वर्षं ज्यांच्या कमरेला आहेत त्या सन्माननीय व्हर्नाबाई टीग, व्यासपीठावरचे आदरणीय पास्टर लोवेल, जिल्ह्याच्या आपत्ती खात्याचे अधिकारी श्री. कॉर्डेल प्रूइट, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे तीस वर्षांचे स्नेही ऑर्लिन स्टब्स, त्यांच्या पत्नी जिनीव्हाबाई, आणि टिलमन खोऱ्यातल्या माझ्या बंधूभगिनींनो. जे पुढे येऊन बसलेत ते, आणि जे नेहमीप्रमाणे दाराजवळ उभे आहेत, म्हणजे कंटाळा आला की निघायला बरं, तेही.

अध्यक्षांनी मला सात मिनिटं दिली आहेत. मी या हॉलचा सचिव होतो तेव्हा वक्त्याला पाच मिनिटं देत असे आणि सहाव्या मिनिटाला टेबलावर पेन आपटत असे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या ते मनात असणार. आज पेन व्हर्नाबाईंच्या हातात आहे. त्यांनी खुशाल आपटावं, पण एक विनंती आहे, मी एका ठरावीक ठिकाणी पोहोचेपर्यंत आपटू नये. ते ठिकाण आलं की तुम्हाला कळेलच.

प्रूइटसाहेब, आपण आलात, आनंद झाला. माझं नाव रॉइस डालक्विस्ट. विहिरींचे पंप दुरुस्त करतो. आपण मला ओळखत नसाल असं मी म्हणणार होतो, पण तिथे मागे बसलेला ड्युएन काफेल्ट म्हणतो की आपल्याकडे माझी फाइल आहे. आहे का हो? नाही म्हणताहेत. ड्युएन, साहेब नाही म्हणताहेत. बघ, त्याचा विश्वास बसत नाहीये. हसू नका मंडळी, त्याचा काय दोष? या हॉलमध्ये सरकारी माणूस खुर्चीवर बसलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही जरा अवघडल्यासारखं होतंय.

तर, ऑर्लिनविषयी.

ऑर्लिन स्टब्सनं एकोणीस वर्षांपूर्वी आपल्या स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीत एक जुना बिनतारी सेट बसवला आणि कोठारावर अँटेना उभी केली. जिनीव्हाबाई, त्या अँटेनापायी आपली कपडे वाळत घालायची दोरी गेली, हे मला आठवतंय. आपण तेव्हा त्यांना काय म्हणालात तेही आठवतंय, पण पास्टर बसलेत. पुढे एकेक घर करत त्रेचाळीस घरांत सेट बसले. या डोंगरात फोनला रेंज नाही आणि तारेचा फोन बर्फ पडला की बसतो. तेव्हा ही आपली सोय. कोणाची परवानगी नको, कोणाचा हात नको. त्याचा आपल्याला केवढा अभिमान होता. अजूनही आहे, आणि तो कुठे ठेवावा ते मला अलीकडे कळत नाही.

रोज सकाळी साडेसहाला हजेरी. नावं घ्यायची नाहीत, कारण नावं हवेत सोडली की कोणीही ऐकतं. घराला नंबर. यादी कागदावर नाही, ऑर्लिनच्या डोक्यात. तो म्हणणार, "एक." एक नंबरचं घर म्हणणार, "आहे." काही अडलं असेल तर, "आहे, आणि लागतंय." बस, एवढंच बोलायचं. हवापाण्याच्या गप्पा नकोत, निरोप नकोत, चहाड्या नकोत. हा नियम मीच लिहिला. या खोऱ्यातले बहुतेक नियम मीच लिहिले आहेत. आणि हा नियम रोज मोडणारं घर एकच होतं, ते माझं. आमच्या घराचा नंबर एकतीस. सेटवर माझी बायको मार्लिस बसायची. ऑर्लिन म्हणायचा, "एकतीस," आणि ही म्हणायची, "एकतीस आहे, आणि कॉफी उकळतेय." रोज. मी पलीकडून ओरडायचो, "अगं, नियम आहे." ती माइक खाली ठेवून म्हणायची, "अरे, त्रेचाळीस घरं ऐकताहेत, त्यातल्या एकाला तरी कॉफीची आठवण होईल." आणि ऑर्लिन, जो नियमाचा पक्का, तो नंबर बत्तीस म्हणायच्या आधी जरा थांबायचा. त्या थांबण्यात तो हसत असायचा, हे आख्ख्या खोऱ्याला ऐकू यायचं.

एका नंबरनंतर ऑर्लिन मनात पाचापर्यंत मोजतो. उत्तर आलं नाही तर पुढचा नंबर घेतो. रागावत नाही, विचारत नाही. ज्याला बोलायचं नाही त्याला बोलायला लावायचं नाही, हा आपला दुसरा नियम. तीन दिवस उत्तर आलं नाही तरच शेजाऱ्यानं फाटकापर्यंत जायचं. आणि नंबर यादीतून काढायचा झाला तर तो त्या घरानंच काढायचा, दुसऱ्या कोणी नाही. हा तिसरा.

आता चौथा नियम. तो सांगायलाच हवा, कारण सत्कारमूर्तींचा आणि त्याचा फार जवळचा संबंध आहे.

तेरा वर्षांपूर्वी वसंतात जिल्ह्यातून गाड्या आल्या आणि भोंग्यावरून सांगितलं की वरचं धरण धोक्यात आहे, सगळ्यांनी खोरं सोडा. आपण निघालो. पोरंबाळं, कुत्री, आजारी माणसं घेऊन शाळेच्या जमिनीवर तीन दिवस झोपलो. धरणाला काही झालं नाही. परत आलो तर फाटकांची कुलपं कापलेली, विहिरींवर तपासणीच्या लाल चिठ्ठ्या, आणि सात जणांच्या घराला बेकायदा बांधकामाची नोटीस. प्रूइटसाहेब, आपण तेव्हा नव्हतात, हे मला माहीत आहे. ते साहेब फार गोड बोलायचे.

त्या उन्हाळ्यात याच हॉलमध्ये सभा झाली. मी उभा राहिलो आणि ठराव मांडला. शब्द अजून पाठ आहेत. सरकारकडून आलेला कोणताही इशारा, आपल्यापैकी एकानं स्वतःच्या डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय, आपल्या बिनतारीवरून सांगितला जाणार नाही. हात वर करा म्हटलं. झाडून सगळे हात वर. मार्लिसचा जरा उशिरा वर गेला. घरी जाताना ती गाडीत म्हणाली, "रॉइस, आणि बघायला जाणारा कोण असेल?" मी म्हटलं, "असेल कोणीतरी." त्याच सभेत आपण सगळ्यांनी जिल्ह्याच्या धोक्याच्या यादीतून आपापली नावं काढायच्या अर्जावर सह्या केल्या. त्या दिवशी जेवणही फार चांगलं होतं, एल्क हरणाच्या मटणाचा रस्सा आणि मक्याचा पाव. आज आहे तसंच. बाहेरून वास येतोय, आणि मी तुम्हाला ताटकळत ठेवलंय याची मला जाणीव आहे.

ऑर्लिननं त्या ठरावाला हात वर केला, पण मागाहून एक गोष्ट केली. दोन-तीन वर्षांनी प्रूइटसाहेब नेमणुकीवर आले तेव्हा त्यांना आपल्या घरचा फोन नंबर दिला. फक्त स्वतःचा. ते फुटलं तेव्हा काय काय बोललो आपण त्याला. मी स्वतः त्याच्या व्हरांड्यात जाऊन म्हणालो, "ऑर्लिन, तू दार उघडून बसलायस." तो म्हणाला, "अरे रॉइस, दार कसलं, खिडकीची एक फट आहे. वारा कुठून येतोय ते तरी कळेल." मी चार महिने त्याच्याशी धड बोललो नव्हतो. पाचव्या महिन्यात माझा ट्रक ओढ्यात अडकला आणि त्याच्याशिवाय काढणारं कोणी नव्हतं, तेव्हा बोललो.

आता दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. तुम्ही सगळे होतात. आठवडाभर दुसरीकडच्या वणव्यांचा धूर खोऱ्यात साचलेला होता, त्यामुळे नवा धूर कुठला आणि जुना कुठला हे कोणालाच कळत नव्हतं. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी प्रूइटसाहेबांचा ऑर्लिनकडे फोन आला. सॅडलच्या डोंगरामागे आग आहे, वारा फिरलाय, खोरं लगेच सोडा, पुलावरूनच जा. ऑर्लिननं काय केलं? ते त्रेचाळीस घरांनी ऐकलं. त्यानं इशारा सांगितला नाही. तो बिनतारीवर म्हणाला, "सॅडलच्या पलीकडचं कोणाला दिसतंय का? खात्री करायची आहे." आणि उत्तर आलं, "एकतीस. मी वर जाऊन बघते. वीस-पंचवीस मिनिटं द्या."

एक वाजून बावन्न मिनिटांनी मार्लिस सॅडलच्या माथ्यावरून, सोबत नेलेल्या छोट्या सेटवर बोलली. "एकतीस. खरं आहे. तो माणूस खरं सांगत होता. निघा सगळे, आत्ताच्या आत्ता." मग म्हणाली, "रॉइस, माझी वाट बघत थांबू नकोस. कुत्र्याला घे." त्यानंतर तिचा आवाज आला नाही. उतरायचा रस्ता आगीनं तिच्या खाली कापला होता. आपण सगळे पुलावरून निघालो. एकूण एक माणूस सुटला. ती राहिली.

तिसऱ्या दिवशी तिला कोणी खाली आणलं? प्रूइटसाहेबांच्या माणसांनी. आणि हे साहेब स्वतः माझ्याकडे आले, टोपी काढली, आणि मी त्यांना म्हणालो, "माझ्या जमिनीवरून चालते व्हा." साहेब, आपण टोपी घालून निघून गेलात. ते मला सांगायचं राहिलं होतं, म्हणून आज सांगतोय.

एक दहा ते एक बावन्न. बेचाळीस मिनिटं. खोऱ्यात त्यांना काय म्हणतात ते माहीत आहे ना? ऑर्लिनची बेचाळीस मिनिटं. दुकानात तो आला की बोलणं थांबतं. इथल्या जेवणात त्याच्या बाकावर कोणी बसत नाही. त्याच्या पत्रपेटीवर कोणीतरी काळ्या रंगानं ४२ हा आकडा काढला. जिनीव्हाबाई पुसायला निघाल्या तर ऑर्लिन म्हणाला, "राहू दे, पत्रं काही थांबत नाहीत त्यानं." कोणी काढला ते मला माहीत आहे. तो आज इथे आहे आणि बुटांकडे बघतोय. बाबा रे, वर बघ. तुझा दोष नाही. तुला मी दुसरं काही सांगितलंच नव्हतं.

व्हर्नाबाई, ते ठिकाण आलं.

त्या दुपारी मी ऑर्लिनच्या खोलीत होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. आठवड्यातून दोन दिवस मी त्याच्या मदतीला नोंदी लिहायला बसायचो. तुम्हाला एवढंच माहीत आहे की मी कोपऱ्यात लिहीत बसलो होतो आणि निर्णय ऑर्लिननं घेतला. आता ऐका. फोन खाली ठेवताक्षणी ऑर्लिननं माइक उचलला. त्याचं बोट बटणावर होतं. तो सांगणार होता. सगळं, तिथल्या तिथे. मी उठलो आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

मी म्हटलं, "नियम, ऑर्लिन. स्वतःच्या डोळ्यांनी."

तो म्हणाला, "रॉइस, तू ऐकला नाहीस त्याचा आवाज. तो माणूस रडायला आलाय. पाया पडतो म्हणाला, सांगा त्यांना."

मी म्हटलं, "धरणाच्या वेळचा साहेबही असाच कळवळून बोलत होता."

"अरे, वारा फिरलाय म्हणतो."

"मग जाऊन बघू दे कोणीतरी. बघितलं की सांग. नियम मोडायचा तर सभा बोलवावी लागते, तुझ्या एकट्याच्या हातात नाही ते."

प्रूइटसाहेबांचा दुसऱ्यांदा फोन आला. मी उचलू दिला नाही. ऑर्लिन सत्तरीचा, दमेकरी माणूस. मी रोज पंप उचलणारा. मी त्याला धरून ठेवलं असं नाही, पण हात काढला नाही. शेवटी तो म्हणाला, "बरं, विचारतो." आणि त्यानं विचारलं. आणि माझ्या बायकोचा आवाज आला, मी वर जाऊन बघते. तेव्हा मला काय वाटलं सांगू? मला अभिमान वाटला. मी ऑर्लिनला म्हणालो, "बघ, याला म्हणतात आपली माणसं." माइक माझ्या हाताच्या अंतरावर होता. नको जाऊस, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? दोन शब्द आहेत. मी माझ्या वहीत वेळ लिहिली. एक वाजून चौदा. एकतीस नंबर खात्री करायला निघाला.

इशारा एक वाजून दहाला सांगितला असता तर पावणेदोनपर्यंत शेवटची गाडी पुलापार झाली असती. मार्लिस पहिल्या गाड्यांत असती, कारण आमचं घर पुलाजवळ आहे. ती मुद्दाम वर गेली. मी लिहिलेल्या नियमासाठी गेली. ही माझी बेचाळीस मिनिटं आहेत, ऑर्लिनची नाहीत.

सप्टेंबरात इथे सभा झाली तेव्हा मागून कोणीतरी विचारलं, "इशारा अडवला कोणी?" ऑर्लिन उभा राहिला आणि म्हणाला, "माइक माझ्या हातात होता." खोटं नव्हतं ते. मी तिसऱ्या रांगेत होतो. माझ्या आजूबाजूला तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून बसला होतात. मी बोललो नाही. बाहेर आल्यावर त्याला ट्रकापाशी गाठलं आणि विचारलं, "का बोललास असं?" तो म्हणाला, "तुझं तर सगळंच गेलंय. आता लोकांचा रागही तुलाच देऊ?" मी म्हणालो, "उद्या मी सांगेन सगळ्यांना." तो म्हणाला, "सांग. तुला वाटेल तेव्हा." सातशे काही दिवस झाले त्याला.

त्या आठवड्यात माझ्या ओट्यावर अठरा झाकणाची भांडी आली. बटाटे, हॅम, शेवया, काय काय. नावाच्या चिठ्ठ्या लावलेली. तुम्ही आपली घरं जळालेली असताना नातलगांच्या चुलीवर शिजवून माझ्यासाठी आणलंत. ऑर्लिनच्या व्हरांड्यात एकही भांडं गेलं नाही. मी ते खाल्लं. सगळं खाल्लं, आणि भांडी घासून परत केली.

नियम सगळ्यांचा होता, हात सगळ्यांनी वर केले होते, असं आता कोणी मला येऊन म्हणेल. मी तुम्हाला ओळखतो, तुमची मनं चांगली आहेत. कृपा करून म्हणू नका. ते मी स्वतःला दोन वर्षं म्हणत होतो आणि त्यानं काही झालं नाही.

आजचं भाषण मला का दिलंत तेही मी जाणतो. व्हर्नाबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "रॉइस, तू चार शब्द बोललास तर बरं दिसेल. तुझ्या तोंडून आलं तर लोकांनाही मोकळं वाटेल." म्हणजे ज्याची बायको गेली त्यानंच मोठ्या मनानं ऑर्लिनला माफ करावं, टाळ्या व्हाव्यात आणि जेवायला बसावं. बाई, रागावू नका. आपला हेतू सरळ होता. आपण सगळ्यांनी मिळून ही गोधडी शिवलीत, प्रत्येक घराचा एक चौकोन, त्यावर नंबर. माझ्याकडे मार्लिसचा एखादा कपडा मागितलात आणि मी तिचा निळा ॲप्रन दिला. तुम्ही तो बरोबर मध्यभागी लावलात, मान म्हणून. ऑर्लिन दोन वर्षं ज्यांच्या तोंडून एक शब्द ऐकत नव्हता त्यांनी त्याला गोधडी दिली. तो हातात धरून बसलाय आणि त्या निळ्या चौकोनावर हात फिरवतोय. मला ते इथून दिसतंय. बघवत नाही.

आता पुढचं काय, असं निरोपाच्या भाषणात विचारायची पद्धत असते. मी काय सांगू? त्रेचाळीसपैकी एकोणतीस घरं जळाली. परत बांधली फार थोड्यांनी. हजेरीला या उन्हाळ्यात नऊ घरं उत्तर देत होती, आणि त्यातली दोन ऑर्लिनशी बोलायला नको म्हणून नुसतं बटण दाबून सोडायची. प्रूइटसाहेबांनी पुलाजवळ भोंगा लावला. महिन्याच्या आत कोणीतरी त्यात तीन गोळ्या मारल्या. का, तर त्यात कॅमेरा आहे म्हणे. साहेबांनी तो काढून खोलून दाखवला, आत वायर आणि एक मेलेली गांधीलमाशी. तरी विश्वास नाही. जिल्ह्याच्या यादीत आज या खोऱ्यातली अकरा नावं आहेत. माझं त्यात नाही. हे सांगताना मला लाज वाटते, पण तो अर्ज टेबलावर सहा महिने पडलाय आणि सही करायला माझा हात जात नाही. इतकं होऊनही जात नाही. मग तुम्हाला मी कुठल्या तोंडानं शहाणपण शिकवू? पुढच्या ऑगस्टमध्ये वारा फिरला तर सांगणार कोण, आणि सांगितलं तर ऐकणार कोण? सरकारवर आपला विश्वास नव्हता, ते ठीक. पण एकमेकांवर होता म्हणून हे सगळं चालत होतं. तोही मी संपवला. मला पुढचं काही दिसत नाही. चांगलं काही दिसत असतं तर सांगितलं असतं, अशा प्रसंगी तेच सांगायचं असतं.

ऑर्लिन उद्या स्पोकेनला मुलीकडे जातोय. दम्यासाठी, असं कार्डावर छापलंय. तिथे दवाखाना जवळ आहे, हे खरं आहे. अँटेना त्यानं काल उतरवायला घेतली. माणसं लावली नाहीत, स्वतःच काढतोय, थोडी थोडी. वरचा तुकडा काढायच्या आधी म्हणाला, उद्याची एक हजेरी होऊ दे.

ती आज सकाळी झाली. शेवटची.

गेली दोन वर्षं ऑर्लिन रोज सकाळी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नंबर घेतो. जळालेल्या घरांचेही, सोडून गेलेल्यांचेही. कारण नंबर घरानं काढायचा, तो काढणार नाही. एक नंबर म्हणतो, पाचापर्यंत मोजतो, दुसरा म्हणतो. बहुतेक वेळ नुसती खरखर. मी रोज साडेसहाला सेट लावून बसतो. रोज तो म्हणतो, "एकतीस." आणि मी पाच मोजतो त्याच्याबरोबर. घरात मी आहे, हे त्याला माहीत आहे. मी ऐकतोय, हेही त्याला माहीत आहे. गेल्या हिवाळ्यात तो बर्फातून माझ्या फाटकापर्यंत आला होता. म्हणाला, "रॉइस, बाकी काही नको. नुसतं आहे म्हण सकाळी. मला तेवढं पुरेल." मी म्हटलं, "मला एकट्याला राहू दे." आपल्यात असं म्हटलं की समोरचा मागे फिरतो. तो फिरला. दम लागला होता त्याला, फाटकाला धरून जरा वेळ उभा होता. मी खिडकीतून बघत राहिलो.

आज सकाळी मी माइक हातात घेतला होता. ठरवून बसलो होतो. तीस नंबरला उत्तर आलं नाही. मग तो म्हणाला, "एकतीस." मी मोजलं. पाच झाले. तो थांबलाच होता. एकोणीस वर्षांत पाचाच्या पुढे कधी थांबला नव्हता. मी वीसपर्यंत मोजलं आणि पुढे मोजणं सोडलं. बोट बटणावर होतं, दाबलं नाही. मग तो म्हणाला, "बत्तीस." पुढे सगळे घेतले, त्रेचाळीसपर्यंत, आणि म्हणाला, "हजेरी झाली. सेट बंद करतो. तब्येती सांभाळा." आणि खरखरही थांबली.

म्हणून जे तिथे बोलायला हवं होतं ते मी इथे बोललो, जिथे बोलून त्याला आता फारसा उपयोग नाही. त्याचं सामान बांधून झालंय. हा माणूस दोन वर्षं माझं ओझं घेऊन तुमच्यामधून चालला, आणि मी त्याच्या मागून तुमची भांडी परत करत फिरलो. मार्लिसला हे कळलं असतं तर ती माझ्याशी बोलली नसती. आणि तिचं बरोबर असतं.

अध्यक्षांनी पेन आपटलं नाही याबद्दल आभार. पास्टर, प्रूइटसाहेब, आपले आभार. जेवण रांधणाऱ्यांचे, गोधडी शिवणाऱ्यांचे आभार. जिनीव्हाबाई, तुमचे कसे मानायचे ते मला माहीत नाही. बोलण्याच्या ओघात कोणाला काही लागलं असेल, वेळ जास्त झाला असेल, तर तेवढ्यापुरती माफी असावी. तेवढ्यापुरतीच. बाकीच्याची मी मागत नाही.

ऑर्लिन, तू सकाळी विचारलं होतंस. एकतीस आहे.